अंबाबाईच्या गावातून कळसूबाईला

कोल्हापूरकराला डोंगराचं कौतुक सांगू नये, चढाचं सांगायला मात्र हरकत नाही. पन्हाळ्यावर आमची गाडी थेट गडात शिरते. जोतिबाला चैत्रात सासनकाठ्या नाचवत लोक चालत चढतात. एरवी रविवारी दुचाकीवरून जायचं, गुलाल लावायचा आणि जेवायला घरी परत यायचं. गगनबावड्याची तर गंमतच आहे. शहरातून निघायचं, उसाच्या फडांतून पंचावन्न किलोमीटर जायचं, चहा प्यायचा, दरीच्या कडेला उभं राहून म्हणायचं, काय डोंगर आहे! आपण तेव्हा डोंगराच्या माथ्यावरच उभे असतो. करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट तिथून खाली कोकणात उतरतात. चढ लागतो तो तिकडून येणाऱ्याला. आपण देशावरचे, आपल्याला सह्याद्री वरच्या बाजूनं भेटतो.

त्यामुळं महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच जागी, १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर, पायथ्यापासून चालत जायचं ठरलं तेव्हा मला स्वतःपेक्षा सोबत्याचीच काळजी जास्त होती. सोबती म्हणजे शाळेपासूनचा दोस्त. उद्यमनगरात त्याचा लेथचा कारखाना आहे. लहानपणी एक पावसाळा तालमीत घालवला, तेवढ्यावर त्याला आजही सगळे पैलवान म्हणतात. वजन नावाला शोभतं. दमाचं काय, ते बारीच्या पहिल्या चढावर कळणार होतं.

मंगळवार रात्र

महालक्ष्मी एक्स्प्रेस साडेआठच्या सुमाराला सुटते. पैलवानाला घ्यायला गेलो तर स्वयंपाकघरात त्याची आई पाटावर बसून काहीतरी बांधत होत्या. हिरवा खण, नारळ, ओंजळभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक-बदाम, हळदी-कुंकवाच्या पुड्या. सगळं एका पांढऱ्या फडक्यात घालून त्यांनी गाठ मारली आणि गाठोडं माझ्या हातात दिलं, मुलाच्या नाही.

"देवीच्या डोंगराव चाललाय, मोकळ्या हातानं जाता व्हय?"

"काकू, आम्ही ट्रेकला चाललोय."

"ते ट्रेक का काय ते करा. पर ही ओटी भरायची. आनि तुम्ही न्हाई भरायची, बाईच्या हातनं भरायची. वर कुनीतरी असंलच."

पैलवानानं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. पहाटे सहाला राज्याच्या सर्वोच्च शिखरावर कोण बाई भेटणार, हे आम्ही दोघांनीही मनातल्या मनात विचारलं आणि दोघंही गप्प बसलो. त्या घरात आईला उलट उत्तर देण्याची रीत नाही. शिवाय डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दोन किलो भडंग तिनंच भरून दिलं होतं.

मिरजेला गाडी बराच वेळ थांबते. कोल्हापूरहून येणाऱ्या गाडीचं तिथं तोंड फिरतं. इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडतात आणि इतका वेळ पुढं जाणारे आपण अचानक मागं जायला लागतो. पैलवान खाली उतरून इंजिन जोडताना बघत उभा राहिला. परत आला तो हाताला ग्रीस लावून. कशाला हात लावला होता, ते विचारलं नाही. सांगलीच्या पुढं मला झोप लागली.

बुधवार

पहाटे कल्याण. तिथून कसाऱ्याची लोकल. उलट्या दिशेनं मुंबईला जाणाऱ्या गाड्यांतून माणसं ओसंडत होती आणि आमच्या डब्यात आम्ही पाय पसरून बसलो होतो. पैलवानाला हे फार आवडलं. "असं पायजे बघ. सगळी तिकडं, आपण हिकडं."

कसाऱ्याहून शेअर जीपनं घाट चढून घोटी. घोटीच्या बाजारात एक वडापाव खाल्ला, त्याबद्दल न लिहिलेलं बरं. तिथून राजूरकडं जाणारी एसटी लागली होती. पिंपळगाव मोर, वासाळी अशी गावं मागं पडली, आणि एका वळणावर कंडक्टरनं न विचारता बोट दाखवलं. "ती बघा बाई."

खालून बघितलं तर कळसूबाई एकटी नाही. एक लांबलचक धार आहे, तिच्यावर ती सगळ्यांपेक्षा थोडी वर डोकावते. मी मनात सुळका धरून गेलो होतो, त्यामुळं पहिल्यांदा जरा हिरमुसलो. मग नजर पायथ्यापासून वर न्यायला लागलो, आणि ती पोचेचना. आपल्याकडं पन्हाळा किंवा मसाई पठार बघितलं की वर जांभ्याचा जाड थर, सपाट माथा आणि बाजूनं तुटलेले कडे. शहरापासून मोजली तर उंची तीन-चारशे मीटर. इथं जांभा नाही. काळा कातळ, एकावर एक थर, मध्ये वाळलेल्या गवताचे पट्टे. बारी गावातून माथा साडेआठशे मीटरच्या आसपास वर आहे. म्हणजे जोतिबावर जोतिबा ठेवून वरती थोडं.

बारी हे अकोले तालुक्यातलं गाव. जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे परवापर्यंतचा अहमदनगर. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला नाशिक जिल्हा. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. भात कापून झालं होतं. खाचरांत नुसती धसकटं आणि घरांच्या मागं पेंढ्याच्या उडव्या. ज्या घरी उतरलो तिथं ओसरीवर एक आज्जी वाल निवडत बसल्या होत्या. बियाणं घरचं, असं त्यांनी आपणहून सांगितलं. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० सालचा पद्मश्री मिळाला, तेव्हापासून इथं घरच्या बियाण्याचा विषय आला की माणसाची मान थोडी ताठ होते. आज्जींची झाली होती.

रात्री जेवायला तांदळाची भाकरी, पिठलं, भात आणि ठेचा. पैलवानानं ठेच्याकडं कोल्हापुरी नजरेनं बघितलं, म्हणजे तुच्छतेनं. पहिला घास घेतला आणि पाण्याचा तांब्या उचलला. मी काही बोललो नाही. दोन दिवस पुरेल एवढं समाधान मिळालं होतं.

जेवणानंतर आज्जींनी कळसूची गोष्ट सांगितली. गोष्ट या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, प्रत्येक घरात थोडी वेगळी. कळसू नावाची कोळ्याची पोर पाटलाच्या घरी कामाला राहिली. राहतानाच तिनं सांगितलं होतं, बाकी सांगाल ते करीन, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. काही दिवस ठीक चाललं. मग एकदा घरी पाहुणे आले, कामाची गडबड झाली आणि तिला भांड्यांना बसवलं. केरही काढायला लावला. तिनं ते केलं, आणि उठून डोंगरावर निघून गेली ती परत आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला तो काळदरा. ती जिथं राहिली ते शिखर.

"मंग पाटील आनाया नाय गेला?" पैलवानानं विचारलं. आज्जींशी बोलताना त्याची बोली आपोआप त्यांच्याकडं सरकत होती.

"गेला असंल. ती येती व्हय?"

अंथरुणावर पडल्यावर तो बराच वेळ जागा होता. मग म्हणाला, "बरोबर हाय की पोरीचं. ठरल्यालं काम सोडून दुसरं लावलं तर माणूस जाणारच. माझा एक चांगला टर्नर असाच गेला. मशीनवर घेतला आणि दिवाळीला पत्रं रंगवायला लावलं." थोड्या वेळानं, "आमचा टर्नर शिरोलीला गेला पण."

गुरुवार

साडेतीनला निघालो. शनिवार-रविवारी इथं पुण्या-मुंबईची इतकी गर्दी होते की शिड्यांवर रांग लागते, हे ऐकून होतो, म्हणून मुद्दाम मधला वार धरला होता. गावातली कुत्री ओढ्यापर्यंत सोडायला आली. ओढा ओलांडला, खाचरांच्या बांधावरून गेलो आणि कळसूबाईचं खालचं देऊळ लागलं. ज्यांना वर जाणं होत नाही, ती माणसं इथं पाया पडून परत फिरतात. पैलवानानं देवळाकडं, मग गाठोड्याकडं, मग माझ्याकडं बघितलं.

"हितंच भरली तर?"

"बाई कुठं आहे?"

"ते बी खरं."

चढ लगेच सुरू होतो, उगाच घोळवत ठेवत नाही. पहिला तासभर पायऱ्या, दगड आणि मुरूम. मुरूम वाळला की बेअरिंगच्या गोळ्यांवरून चालल्यासारखं होतं. ही उपमा पैलवानाची, आणि त्यानंतर तिच्यापेक्षा चांगली मला सुचली नाही. बॅटरीच्या उजेडात फक्त पुढचं पाऊल दिसतं, ते एका अर्थी बरंच. वर किती उरलंय ते दिसत नाही. थंडी होती, पण वीस मिनिटांत जॅकेट काढून सॅकवर बांधावं लागलं. पैलवानाचा दम पहिल्या टप्प्यावर लागला, दुसऱ्यावर लागला, आणि मग कसा कोण जाणे, लागायचा थांबला. जड माणसाला एक लय सापडते. ती सापडल्यावर तो माझ्या पुढं निघून गेला आणि वर थांबून माझी वाट बघू लागला. माझा सगळा अंदाज उलटा पडला होता.

मग पहिली शिडी आली.

कळसूबाईच्या शिड्यांची चर्चा सगळेच करतात. ताठ कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी जिने बसवलेत, दोन्ही बाजूंना कठडे आहेत. त्याआधी लोक साखळदंड धरून चढायचे. शिडीवर जाताना खाली बघू नये, एका वेळी फार माणसांनी चढू नये, अशा सूचना मी वाचून गेलो होतो. पैलवानानं शिडीवर पाय ठेवलाच नाही. तो शिडीपुढं उकिडवा बसला. बॅटरी तोंडात धरली, बोटाच्या पेरानं लोखंडावर दोनदा टकटक केलं आणि कान लावला.

"चॅनल चांगला घेतलाय," तोंडातली बॅटरी काढून तो म्हणाला. "गंज वरचा हाय, आत न्हाई गेला. पर ह्यो टाका बघ. ह्यो बाकीच्यांसारखा न्हाई. नंतर कुणीतरी मारलाय."

"चढायचं का?"

"चढ की. ह्येच्यावर म्हैस चढली तरी काय हुईत न्हाई." मग परत वाकून, "मटेरियल वर आणलं कसं पर?"

हा प्रश्न त्यानं प्रत्येक शिडीला विचारला. एवढ्या लांबीचा एवढ्या वजनाचा चॅनल, या वाटेनं, या वळणांवरून. वेल्डिंगला वीज कुठून घेतली? जनरेटर आणला तर तो कुणी आणला? डिझेल? तो शिडी चढत नव्हता, ती मनात परत बनवत होता. एका शिडीच्या मध्यावर वाऱ्याचा झोत आला, सगळी शिडी बारीक थरथरली आणि माझे हात कठड्याला चिकटले. खालून आवाज आला, "घाबरू नको, लवचिक हाय म्हणून टिकलंय. कडक असतं तर तुटलं असतं." त्या वेळी मला यंत्रशास्त्र नको होतं. पण हात सुटले. "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" असं तो एकदम ओरडला, आणि खाली अंधारात, बऱ्याच अंतरावर, कुणातरी अनोळखी पोरांनी "चांगभलं!" म्हणून साथ दिली. सांगली-साताऱ्याकडची असणार. नगर-नाशिकची पोरं एवढ्या पटकन चांगभलं म्हणणार नाहीत, असं आमचं मत पडलं.

उजाडायच्या बेताला माथ्याखालच्या सपाटीवर पोचलो. इथं विहीर आहे, आणि ताडपत्रीच्या टपऱ्या. टपऱ्या बंद होत्या, नुसत्या दगड ठेवून झाकलेल्या. चूल गार. एक माकड टपरीच्या बांबूवर बसून आमच्या सॅकचा अभ्यास करत होतं. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो तेवढ्यात त्यानं काम उरकलं. दोन किलोतलं उरलेलं सगळं भडंग, पिशवीसकट. गाठोडं सॅकच्या आतल्या कप्प्यात होतं म्हणून वाचलं. आम्ही बघत राहिलो. त्यानं मूठभर तोंडात टाकलं, एकदा जोरात शिंकलं, आणि परत मूठ भरली.

"लसूण लागला त्येला," पैलवान म्हणाला, आणि मला वाटतं त्याला थोडा अभिमानच वाटला.

शेवटची शिडी चढून वर गेलो. माथा लहान आहे. मधोमध शेंदरी रंगाचं देऊळ, इतकं छोटं की आत चार माणसं दाटीनं बसतील. बाजूला घंटा. भोवती थोडी मोकळी जागा आणि मग सगळीकडं खाली. आमच्या गावची अंबाबाई बाजारपेठेच्या मधोमध, कमानी, दीपमाळा, सोन्याचे दागिने, किरणोत्सवाला जमणारी गर्दी, या सगळ्यात बसलेली. ही बाई इथं वाऱ्यात, एका खोलीत. मी काही तुलना करायला आलो नव्हतो, पण झाली. हिनं मोठं देऊळ मागितलं असतं असं वाटत नाही.

सूर्य आग्नेयेकडून वर आला. सगळे तिकडं फोन धरून उभे होते. मी थंडीनं पाठ फिरवली म्हणून मला दुसऱ्या बाजूचं दिसलं. वायव्येला, इगतपुरी-घोटीच्या अंगाला, धुक्याच्या थरावर एक निळसर त्रिकोण पडला होता. कडा एकदम सरळ, टोक पार क्षितिजाजवळ. कळसूबाईची सावली. डोंगराचा माथा असा वेडावाकडा असतानाही लांबवर पडलेली सावली टोकदार त्रिकोणीच दिसते, कारण दूर जाईल तशी ती नजरेला निमुळती होत जाते. त्या टोकाशी आमच्याही सावल्या असायला हव्यात, म्हणून पैलवानानं हात हलवून बघितला. काही हललं नाही. दर मिनिटाला त्रिकोण आखडत गेला आणि पंधरा-वीस मिनिटांत डोंगराच्या उतारात मिसळून गेला.

मग उजेडात बाकीचे. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग, एकमेकांना खेटून. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी आणि त्याच्या पलीकडं रतनगड, शेजारी खुट्ट्याचा सुळका. त्याच अंगाला आणखी लांब हरिश्चंद्रगड. पूर्वेला बितनगड, पट्टा. इथला मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. पण वरून बघताना अभयारण्य दिसत नाही, दिसतात त्या खाचरांच्या कडा आणि प्रत्येक धारेवर कुणीतरी बांधलेला किल्ला.

आता ओटी. वर जमलेले सगळे पोरगे. "चांगभलं"वाले आले होते, कराडचे निघाले. बाई एक नाही. पुजारीही दिसला नाही. तासभर थांबलो. पैलवान गाठोडं मांडीवर घेऊन देवळाच्या पायरीवर बसला होता, लग्नात कुणीतरी सांभाळायला दिलेल्या पिशवीकडं बघत बसलेल्या माणसागत.

आठच्या पुढं शेवटच्या शिडीवरून एक बाई वर आल्या. काष्ट्याचं लुगडं, वर पुरुषी स्वेटर, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर पाण्यानं भरलेला प्लॅस्टिकचा कॅन. कठड्याला हात न लावता. देवळामागं त्यांचा चहाचा छोटा ठेला होता, पाणी विहिरीवरून आणलेलं. पैलवान ताडकन उठला आणि कॅन उतरवून घ्यायला गेला. त्यांनी मान हलवली, स्वतःच गुडघा वाकवून, कॅन खांद्यावर, खांद्यावरून मांडीवर आणि मांडीवरून खाली, असा तीन हालचालींत ठेवला. एक थेंब सांडला नाही.

"मावशी, एक काम होतं."

ऐकून घेतलं. काही विचारलं नाही, हसल्याही नाहीत. कॅनमधलं थोडं पाणी घेऊन हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि फडक्याची गाठ सोडली. खण उलगडून देवीपुढं ठेवला, नारळ, सुपारी, हळकुंड एकेक करून त्यावर मांडलं. मग ओंजळीत तांदूळ घेतले आणि थांबल्या.

"कोणाची ओटी?"

"आईची."

"नाव सांगा की आईचं."

त्यानं सांगितलं. मावशींनी ते मोठ्यानं देवीला सांगितलं, पुढं "कोल्हापूरची" असं जोडलं, आणि तांदूळ घातले. मग त्यातलेच मूठभर उचलून परत फडक्यात बांधून दिले. "हे आईला. भातात टाकाया सांगा."

पैलवानानं पन्नासची नोट काढली. त्यांनी ती घेतली नाही, फक्त चहाचे पैसे घेतले, दोन कपांचे साठ. तीस रुपयांना कप ऐकून खाली मी कुरकुरलो असतो. वर कुरकुरायची सोय नव्हती. कॅन समोरच होता. पैलवानानं मात्र राहवेना म्हणून विचारलं, "मावशी, ह्या शिड्यांचं लोखंड वर आणलं कुणी?"

"माणसांनीच," त्या स्टोव्हला पंप मारत म्हणाल्या. "अजून कोण आणील?"

उतरताना गुडघ्यांनी आपापली ओळख करून दिली. शिड्यांवरून तोंड कातळाकडं करून उलटं उतरावं, हे पैलवानाचं मत, आणि ते बरोबर ठरलं. तोंड बाहेर करून उतरणारा एक पोरगा मधेच बसून राहिला होता, त्याला त्यानं एकेक पाऊल सांगत खाली घेतलं. विहिरीजवळच्या टपऱ्या आता उघडल्या होत्या. लिंबू सरबत प्यायलो. माकड तिथंच होतं आणि आमच्याकडं जुन्या ओळखीनं बघत होतं. वाळलेल्या गवतावरून पाय सटकतो, म्हणून शेवटचा मुरमाचा टप्पा चढायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ उतरायला लागला. दीडच्या सुमाराला बारीत. आज्जी ओसरीवरच होत्या. "झालं दर्शन?" एवढंच.

शुक्रवार

बेत रतनगडाचा होता. सकाळी पैलवान अंथरुणावरून उठताना भिंत धरून उठला, आणि बेत आपोआप बदलला. जीप करून शेंडीला गेलो.

भंडारदऱ्याचं धरण प्रवरेवर आहे, १९२६ साली पूर्ण झालेलं, दगडी बांधकामाचं, आणि शंभर वर्षं होत आली तरी अंगानं ठणठणीत. भिंतीकडं बघत पैलवान म्हणाला, "चांगलं हाय. पर राधानगरी ती राधानगरी." कोल्हापूरच्या माणसाला दुसऱ्याचं धरण नुसतं बघता येत नाही. शाहू महाराजांनी हाती घेतलेलं धरण, त्याचे सात स्वयंचलित दरवाजे, पाणी ठरावीक पातळीला आलं की ना वीज ना माणूस, आपोआप उघडतात, हे सगळं त्यानं जीपवाल्याला ऐकवलं. जीपवाल्यानं शांतपणे ऐकलं आणि रंधा धबधब्याचे दोनशे जास्त सांगितले.

रंध्याला पाणी बेताचंच होतं. पण रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ बघितलं हे बरं केलं. शिलाहार घराण्यातल्या झंज राजानं बांधल्याचं सांगतात. आमच्याकडंही शिलाहारच होते, कोल्हापूरची शाखा वेगळी. दुसऱ्या भोजाची राजधानी पन्हाळ्यावर, आणि शिरोळ तालुक्यात खिद्रापूरचं कोपेश्वर देऊळ. खिद्रापूरचा स्वर्गमंडप वरून उघडा आहे, गोल आकाश दिसतं. इथं आकाश खाली आहे, देवळाजवळच्या पुष्करणीत. चौकोनी पायऱ्या, भोवती कोनाड्यांत देव, मधे हिरवं पाणी. मी तासभर बसलो असतो. पैलवान पायरीवर पोटऱ्या चोळत बसला होता, म्हणून बसलोच तासभर.

शनिवार

शेंडीहून राजूर, अकोले, संगमनेर अशा एसट्या बदलत पुणे. चाकणला जे होतं ते झालं. त्यावर लिहून कुणाच्या ज्ञानात भर पडायची नाही. रिक्षानं स्वारगेट, आणि कोल्हापूरची गाडी.

खिडकीशी बसून पैलवानानं हिशेबाची वही काढली. तो कारखान्याचा हिशेब ज्या वहीत लिहितो तिच्यातच शेवटच्या पानावर ट्रिपचा मांडला होता. माझे त्याच्याकडं एकशे दहा रुपये निघाले. भडंग त्यानं खर्चात धरलं नव्हतं, नुसतं "माकड" असं लिहून रेघ मारली होती. चहाच्या साठ रुपयांपुढं मात्र थांबला. विहिरीपासून माथा, एक फेरी वीस लिटर, दिवसाला किती फेऱ्या, चहापत्ती-साखर खालून, रॉकेल खालून. पेन्सिलीनं आकडे मांडत गेला आणि खंबाटकी येईपर्यंत मांडतच होता.

"तोट्यात हाय मावशी," शेवटी म्हणाला. "मजुरी धरली तर पन्नासला परवडंल कप."

"पुढच्या वेळी सांग त्यांना."

"पुढच्या वेळंला कुठं जायचं?"

मी साल्हेर म्हटलं. बागलाणात, १,५६७ मीटर, कळसूबाईच्या खालोखाल, आणि वर किल्ला.

"तिथं शिड्या हाईत?"

"नाहीत. कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत."

"मग दगडातलं मला काय कळत न्हाई," असं म्हणून त्यानं वही मिटली, मफलर डोळ्यांवर ओढला आणि कऱ्हाड येईपर्यंत घोरत राहिला.